थायलंडहून शेफ आणताना : माझा अनुभव

अंधेरीत आमचं थाई जेवणाचं रेस्टॉरंट आहे. हिशेब आणि माणसांचं सगळं मी बघते. दादाने थायलंडहून शेफ आणायचं ठरवलं, तेव्हा कागदपत्रं आपसूक माझ्याकडे आली.

पहिला सल्ला मिळाला तो एका एजंटचा: "टूरिस्ट व्हिसावर बोलवा, मग बघू." मी तिथेच नाही म्हटलं. पगारी नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसाच लागतो, आणि टूरिस्ट किंवा बिझनेस व्हिसावर आलेल्याला इथे बसून तो सहसा बदलून मिळत नाही. उद्या चौकशी झाली तर परक्या शहरात अडकणार तो आचारी.

एम्प्लॉयमेंट व्हिसाला पगाराची अट आहे, वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये. छोट्या हॉटेलवाल्याच्या पोटात इथेच गोळा येतो. पण आपापल्या देशाचं जेवण करणारे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे यांना या अटीतून सूट आहे. ही सूट नसती, तर आमचा विषय तिथेच संपला असता.

खरी मेहनत लागली ती समर्थनपत्राला. या कामाला भारतीय माणूस का चालत नाही, हे त्यात पटवून द्यावं लागतं. आमच्या सीएंनी दिलेल्या नमुन्यात "अत्यंत कुशल व अनुभवी" असं काहीतरी होतं. ते कुणालाही लागू पडेल. मी किचनमध्ये जाऊन बसले, दादाला विचारत विचारत लिहिलं: करीचं वाटण डब्यातलं न वापरता गलांगल, गवती चहा, काफिर लिंबाची साल दगडी खलात कुटून करायचं, कुठल्या करीला कुठली मिरची, आमच्या पोरांना हे सगळं शिकवायचं. सोबत शेफचे अनुभवाचे दाखले, करारपत्र, आमची नोंदणीची कागदं आणि हमीपत्र. अर्ज मात्र त्याने त्याच्या देशातूनच करायचा. मुलाखतीला बोलावलं तर बोलता यावं, म्हणून पत्राचं थाई भाषांतर त्याला आधीच पाठवलं होतं.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असला, की आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी. मुंबईचं कार्यालय झेवियर्स कॉलेजच्या मागे, बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर. पण २०१८ पासून अर्ज त्यांच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर ऑनलाइन होतो. घोडं अडलं ते घराच्या पत्त्यावर. परदेशी माणूस म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी बिचकले. घरमालकीण काकूंना सी-फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची सरकारला द्यायची माहिती, हा शब्दच नवा होता. माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत ही माहिती मालकाने भरायची असते. मी लॅपटॉप घेऊन काकूंच्या डायनिंग टेबलावर बसले. पासपोर्ट नंबर त्या चष्मा वर करून एकेक अक्षर वाचत होत्या, मी टाइप करत होते. लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवला, पोलिसांत भाडेकरूची माहिती दिली. नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे ईमेलवरच आलं. पॅन, टीडीएस वगैरे सीएंनी केलं, त्यात काही अडलं नाही.

पीएफबद्दल मात्र थांबून सांगते, कारण हे कुणी बोलत नाही. आमच्यासारख्या पीएफ लागू असलेल्या ठिकाणी परदेशी कर्मचाऱ्याला पीएफसाठीची महिना १५,००० रुपये पगाराची मर्यादा नाही. पूर्ण पगारावर १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालकाचे. भारताचा ज्या देशांशी सामाजिक सुरक्षा करार (एकमेकांच्या देशात काम करणाऱ्यांच्या पीएफ-पेन्शनबद्दलचा) आहे, त्यांची गोष्ट वेगळी. थायलंडशी तसा करार नाही, आणि मग योजनेच्या नियमाप्रमाणे पैसे साधारणपणे वयाच्या ५८ वर्षांनंतरच हातात येतात. दोन-तीन वर्षं राबून घरी परतणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! सही करण्याआधी मी त्याला व्हिडिओ कॉलवर दुभाष्यामार्फत हातात पडणारा पगार आकड्यात सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पगार थोडा वाढवून मागितला, आणि दादाने दिला.

व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. पटलं नाही म्हणून तो समोरच्या हॉटेलात जाऊ शकत नाही. म्हणून परतीचं तिकीट आणि राहण्याचा खर्च आमच्याकडे, हे करारात स्पष्ट लिहिलंय.

१ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट आला आहे, त्यामुळे अर्ज करण्याआधी सध्याचे नियम सरकारी पोर्टलवर स्वतः वाचा. आता दुसऱ्या शेफची बोलणी चालू आहेत. त्यांना करारपत्राच्या आधी पीएफचं पान थाई भाषेत पाठवलंय.