आमच्या नळाचं पाणी जिथून येतं, त्या इन्यो काउंटीत चार दिवस

लॉस एंजेलिसमध्ये राहून आम्हाला दहा वर्षं झाली पण नळाचं पाणी येतं कुठून हे कधी बघितलं नव्हतं. ऑक्टोबरात चार दिवस मिळाले तसे १४ नंबरचा हायवे आणि पुढे ३९५ धरून साडेतीन-चार तासांत इन्यो काउंटीतल्या लोन पाइन या गावाला पोचलो आणि मुक्काम तिथेच टाकला. तुम्हीही तिथेच राहा, सगळं मध्ये पडतं.

काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) प्रचंड आहे, २६ हजार चौरस किमीच्या वर, आणि माणसं २०२० च्या जनगणनेत फक्त १९ हजार. अलास्का-हवाई सोडून अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) इथे आणि उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जागा डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर (समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली) पण इथेच.

पण माझं मन अडकलं ते ओवेन्स खोऱ्यात. खोऱ्याच्या एका बाजूला सिएरा नेवाडा पर्वतरांग, दुसऱ्या बाजूला इन्योचे डोंगर, मधून नदी. इथले मूळ रहिवासी पाइयूट लोक गोरे यायच्या आधीपासून इथे पाट काढून पाणी फिरवत होते, मग त्यांना हुसकावून शेतकरी आले, मग लॉस एंजेलिस शहराने गुपचूप जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले आणि १९१३ मध्ये शहराच्या पाणी खात्याचा मुख्य इंजिनिअर विल्यम मुलहोलंडने बांधलेल्या ३७५ किमीच्या कालव्यातून पाणी शहरात नेलं, तेही एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर. इंजिनिअर म्हणून बघितलं तर थक्क व्हायला होतं, पण ओवेन्स लेक पार आटलं आणि पुढे कित्येक दशकं त्याच्या तळाची धूळ गावकऱ्यांच्या छातीत गेली. १९२४ च्या नोव्हेंबरात चिडलेल्या लोकांनी अलाबामा गेट्सचा (कालव्याचं पाणी बाहेर सोडायच्या दरवाजांचा) ताबा घेऊन चार दिवस कालव्याचं पाणी परत नदीकडे सोडलं होतं. ही जागा लोन पाइनच्या उत्तरेला हायवेजवळच आहे, बहुतेक गाड्या न थांबता जातात, तुम्ही थांबा.

तिथून थोडं पुढे मांझानार. स्पॅनिशमध्ये अर्थ सफरचंदाची बाग, आणि खरंच बागा होत्या, शहराने जमीन घेतल्यावर गाव उठलं. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सरकारने त्याच जागेत तारेचं कुंपण घालून दहा हजारांवर जपानी वंशाची माणसं डांबली, त्यातली बहुतेक अमेरिकेची नागरिक, कुठलाही खटला नाही. त्या लोकांनी बराकींच्या मधल्या जागेत तळी खोदून बागा केल्या, जुनी सफरचंद-पेअरची झाडं जगवली. ती तळी आता उकरून मोकळी केलीयेत, दगड तसेच. आम्ही तासभर धरला होता, तीन तास लागले. प्रवेश फुकट आहे. मागच्या बाजूचं स्मशान आणि तिथला पांढरा स्तंभ चुकवू नका, माझी आई तिथे चपला काढून हात जोडून उभी राहिली.

आता कामाचं. बॅडवॉटर लोन पाइनहून जवळजवळ २०० किमी, एकेरी अडीच तास धरा. टाकी लोन पाइनलाच फुल करा, पुढे पेट्रोल फार महाग. फोनला रेंज नसते, नकाशा आधी डाउनलोड करा. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, १० जुलै १९१३ ला तिथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश नोंदलेत, जगातला विक्रम. व्हिटनी चढायचं असेल तर परमिट लॉटरीने मिळतं, आम्ही नुसते व्हिटनी पोर्टलपर्यंत (जिथून चढाई सुरू होते तिथपर्यंत) गाडीने गेलो, थंडीत तो रस्ता बंद असतो. ब्रिसलकोन पाइनची झाडं (एक ४,८०० वर्षांच्या वरचं, कुठलं ते मुद्दाम सांगत नाहीत, बरंच करतात) बघायला ३,००० मीटरवर चढावं लागतं, धाप लागते, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सावकाश घ्या, पाणी आपलं आपण न्या.

परतताना संध्याकाळी ओवेन्स लेकच्या काठाने गाडी हळू घ्या. धूळ बसवायला शहर आता तळावर थोडं पाणी सोडतं, आणि त्या उथळ पाण्यावर पक्षी परत आलेत.