प्रस्तावनेचा तिसरा परिच्छेद

लोणार सरोवरातील जिवाणूंवरचा माझा पहिला शोधनिबंध लिहिताना कार्यपद्धती आणि निरीक्षणे पंधरा दिवसांत लिहून झाली. प्रस्तावनेने मात्र सहा आठवडे खाल्ले, आणि त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही.

पहिल्या मसुद्याची सुरुवात मी उल्कापातापासून केली होती. बेसॉल्ट खडकातले विवर, त्याचा सुमारे १.८ किलोमीटरचा व्यास, जून २०२० मध्ये गुलाबी झालेले पाणी, त्याच वर्षी मिळालेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा, असे दीड पान भरले होते. "हे पर्यटन मंडळासाठी लिहिले आहेस का?" एवढेच सरांनी विचारले. आमचा विषय प्रोटिएज हे प्रथिने तोडणारे एन्झाइम होता, आणि त्याचे नाव दुसऱ्या पानापर्यंत आलेच नव्हते.

खरी कोंडी झाली ती तिसऱ्या परिच्छेदात, जिथे पूर्वीच्या संशोधनात काय राहून गेले आहे ते सांगायचे असते आणि ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसते 'गॅप' म्हणतात. "यावर आजवर काम झालेले नाही" असे मी लिहिले, तर सरांनी चार जुने निबंध समोर ठेवले. "फारसे काम झालेले नाही" असे केले, तर समासात लाल शाईने "फारसे म्हणजे किती?" असे उमटले. "अधिक अभ्यासाची गरज आहे" या वाक्यावर तर सरळ काट बसली. क्षेत्र दाखवा, त्यातली रिकामी जागा दाखवा, ती आपण कशी भरली ते सांगा, या भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधाच्या प्रस्तावनेसाठी मांडलेल्या तीन पायऱ्या मला तोंडपाठ होत्या. पण ती जागा पाठांतराने थोडीच सापडते! अखेर वैतागून मी हाताशी असलेले सगळे निबंध एका तक्त्यात मांडले: नमुना कोणत्या महिन्यातला, पाण्याचा सामू किती, एन्झाइम कोणत्या तापमानाला तपासले. महिन्यांचा रकाना भरताना दिसले की त्यांतला एकही नमुना पावसाळ्यातला नव्हता, आणि पावसाने क्षारता उतरल्यावर हे जिवाणू काय करतात ते त्यांपैकी कोणी पाहिलेले नव्हते. आमच्याकडे सप्टेंबरचे नमुने होते. परिच्छेद अर्ध्या तासात उतरला. हा तक्ता पहिल्याच आठवड्यात करावा, आणि प्रस्तावना निरीक्षणे हाती आल्यावरच लिहावी.

आधीच सांगायला हवे होते ते राहिले: केवळ गोषवारा वाचून संदर्भ देऊ नये. मी तसा एक दिला होता. पूर्ण निबंध वाचल्यावर कळले की त्यातला जिवाणू लोणारचा नव्हताच.

परीक्षकांनी तिसऱ्या परिच्छेदाला बोट लावले नाही, याचा मला अभिमान आहे. त्यांपैकी एकाने एवढेच सुचवले की परदेशी वाचकांसाठी सरोवराची एका वाक्यात ओळख द्यावी, आणि १.८ किलोमीटरचा व्यास मुकाट्याने परत आला.