बुखारेस्टमधल्या यांकूच्या बिल्डिंगा

रोमानियाच्या राजधानीला, बुखारेस्टला जाऊन आलेला जवळजवळ प्रत्येकजण कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूचा तो अवाढव्य पार्लमेंट पॅलेस बघून येतो आणि वर सांगतो की बाकी शहर कळकट आहे, एक दिवस पुरे. आम्हीही बघितला, पण बाहेरूनच, तेवढा बास झाला, कारण मला बघायच्या होत्या तीन-चार-पाच मजल्यांच्या साध्या राहत्या बिल्डिंगा, ज्यांना तिकीट नाही, गाईड नाही आणि खाली कोणीतरी गाडी अशी लावून ठेवलेली असते की फोटोत आधी तीच येते. नवऱ्याचं म्हणणं, शिवाजी पार्कला गोल बाल्कन्या कमी आहेत का म्हणून इथे येऊन बघायच्या. मुद्दा चुकीचा नव्हता, दोन्हीकडचं बांधकाम साधारण एकाच काळातलं. पण इथल्या बिल्डिंगा ज्याने बांधल्या तो माणूस भन्नाट आहे, त्याच्यासाठी आले होते.

मार्सेल यांकू. १८९५ मध्ये बुखारेस्टमध्येच जन्मला, घर ज्यू, वडील कापडाच्या धंद्यातले, पैसा भरपूर. आर्किटेक्चर शिकायला झुरिकला गेला आणि पहिलं महायुद्ध चालू असताना १९१६ मध्ये तिथल्या काबारे व्होल्तेर या नाइटक्लबमध्ये त्रिस्तान त्सारा, ह्यूगो बॉल वगैरे कवी मंडळींबरोबर दादा ही प्रस्थापित कलेची थट्टा उडवणारी चळवळ सुरू करणाऱ्यांपैकी एक झाला. स्टेजवर घालायचे पुठ्ठ्याचे ते विचित्र मुखवटे यानेच बनवलेले. कलेच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते एवढ्यापुरतंच, आणि मग हा माणूस कुठे गेला हे फारसं कोणी विचारत नाही. तर तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला घरी परत आला, मित्रांबरोबर कोन्तिम्पोरानुल नावाचं मासिक काढलं, १९२४ मध्ये बुखारेस्टमध्ये शिल्पकार ब्रांकुशी आणि चित्रकार क्लेपर्यंतची कामं आणून मोठं प्रदर्शन भरवलं, आणि भावाबरोबर ऑफिस थाटून चक्क लोकांना राहायला घरं बांधून द्यायला लागला. आरडाओरडा करून सगळ्या कलेची टिंगल करणारा माणूस एवढ्या शांत डोक्याने बिल्डिंगा बांधतो, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

युनिव्हर्सिताते मेट्रोला उतरून रोसेत्ती चौकातून ह्रिस्तो बोतेव रस्ता धरला की थोड्याच वेळात ३४ नंबर येतो, ही सॉली गोल्ड बिल्डिंग, १९३४ ची. कोपऱ्यावर आहे आणि कोपऱ्याचा फायदा कसा उठवायचा हे इथे उभं राहून शिकावं, म्हणजे ठोकळे एकात एक अडकवल्यासारखे, मध्येच बाल्कनी बाहेर येते, मध्येच भिंत आत जाते, आणि तरी कुठे गडबड गोंधळ वाटत नाही. नक्षी म्हणाल तर काहीच नाही. फक्त दारापाशी आर्टेमिस या ग्रीक देवीचं एक उठावशिल्प आहे, ते मिलित्सा पेत्राश्कु या शिल्पकार बाईंचं. त्या ब्रांकुशीच्या शिष्या आणि यांकूच्या गोटातल्या. लोक त्या शिल्पाखालून पिशव्या घेऊन आत जातात, वर बघत नाहीत, आपणही आपल्या बिल्डिंगच्या दारावर काय आहे ते कुठे बघतो म्हणा.

तिथून नेगुस्तोर रस्ता जवळच. २७ नंबरला जॉं फुक्सची व्हिला आहे, १९२७ ची. हा अपार्टमेंट नाही, एकच घर, पण हे बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही. त्यावेळी बुखारेस्टमध्ये श्रीमंतांची घरं म्हणजे एकतर पॅरिसची नक्कल नाहीतर कमानी-खांब-कोरीव कठडे असलेली रोमानियन परंपरेची नवी आवृत्ती, आणि त्यात मध्येच हा पांढरा, सपाट, कुठेही फूल-पान नसलेला ठोकळा. शहरातलं पहिलं मॉडर्न घर म्हणतात. पेपरवाल्यांनी त्याला शवागाराची, स्मशानभट्टीची उपमा देऊन झोडपलं होतं. आज बघितलं तर कोणाला राग यावा असं त्यात काहीच दिसत नाही, उलट जरा बुटकं आणि दमलेलं वाटतं, गिलाव्याचे पोपडे निघालेत. खरं सांगायचं तर मला घर म्हणून ते फार भावलं नाही. खिडक्या कागदावर छान दिसल्या असतील, भिंतीवर त्या कशाही विखुरल्यासारख्या वाटतात, म्हणजे तोपर्यंत तो चित्रकारासारखाच विचार करत होता असं माझं मत झालं.

पुढच्या सात-आठ वर्षांत मात्र हात बसलेला दिसतो. काइमातेइ रस्त्यावर २० नंबरला त्याने १९३१ मध्ये पहिली अपार्टमेंट बिल्डिंग बांधली ती स्वतःसाठीच, एकावर एक तीन फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब, बाकीचे भाड्याने. बायकोच्या, क्लाराच्या नावाने ओळखली जाते. थोडं पुढे पालेओलोगु रस्त्यावर ५ नंबरची बिल्डिंग, तिथे क्लाराचा भाऊ झाक कॉस्टिन राहायचा, तो लेखक, जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किखोते या खुळ्या सरदारावर त्याने लिहिलंय, म्हणून दारापाशी पेत्राश्कुबाईंनी डॉन किखोतेच काढलाय. म्हणजे आर्किटेक्ट जावई, लेखक मेहुणा, शिल्पकार मैत्रीण आणि बिल्डिंगला नाव बायकोचं, असा सगळा घरचा कारभार. हे दोन रस्ते मला अख्ख्या शहरात सगळ्यात जास्त आवडले. झाडं आहेत, अंगणात द्राक्षाचे वेल चढवलेत, वायरींची जंजाळं आहेत, आणि एका जिन्यात तर चक्क आत जायला मिळालं, एक आजी बाहेर येत होत्या, त्यांनी मोबाईल आणि मान वर करून उभे असलेले आम्ही बघितले, दार धरून ठेवलं आणि हातानेच खूण केली, जा, बघा. जिना अरुंद पण उजेड भरपूर. खाली पत्रपेट्यांची रांग, बऱ्याच वाकलेल्या.

नावं लक्षात घ्या पण. फुक्स, गोल्ड, कोहेन, वेक्सलर, युस्टर. बिल्डिंग किंवा व्हिला ज्याने बांधून घेतली त्याच्या नावाने ओळखली जाते आणि यातले बरेचसे ज्यू, नव्याने पैसा आलेले व्यापारी, डॉक्टर, कारखानदार, ज्यांना जुन्या जमीनदारांसारखं घर नकोच होतं. १९३० च्या जनगणनेत रोमानियात साडेसात लाखांवर ज्यू होते. आज काही हजार उरलेत.

मधल्या काळात काय झालं ते तिथे उभं राहून वाचलं आणि मग फोटो काढायचा मूडच गेला. १९४० मध्ये ज्यूंविरुद्ध कायदे आले. मग २१ ते २३ जानेवारी १९४१, लीजनरी या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांचं बंड, त्यात बुखारेस्टमधल्या ज्यू वस्त्या लुटल्या, सिनेगॉग जाळले आणि सव्वाशेच्या आसपास ज्यू मारले, काहींना जिलावाच्या जंगलात नेऊन, काहींना कत्तलखान्यात. मारल्या गेलेल्यांत क्लाराचा एक भाऊ होता. यांकूने त्या दिवसांची चित्रं काढून ठेवली आहेत, मी ती नेटवर बघितली, परत बघणार नाही. त्याच वर्षी तो बायकोमुलींना घेऊन पॅलेस्टाईनला निघून गेला. मार्च १९४१ मध्ये सरकारने शहरांतली ज्यूंची घरं कायद्याने ताब्यात घ्यायला सुरुवात केली, युद्धानंतर काही परत मिळाली तोवर कम्युनिस्ट आले आणि १९५० च्या डिक्रीने परत सगळं सरकारजमा. ते गेल्यावर नव्वदच्या दशकात भाडेकरूंना फ्लॅट विकत घ्यायची मुभा मिळाली, मूळ मालकांचे वारस कोर्टात गेले. आता या भागातल्या कितीतरी बिल्डिंगांचं भिजत घोंगडं पडलंय, रंग कोणी द्यायचा हेच ठरत नाही. गिलावा का पडतोय याचं अर्धं उत्तर हे आहे.

दुसरं अर्धं भूकंप. ४ मार्च १९७७ च्या भूकंपात दीड हजारांवर माणसं गेली, बहुतेक बुखारेस्टमध्येच, आणि कोसळलेल्या बिल्डिंगांत दोन युद्धांच्या मधल्या काळातल्या उंच बिल्डिंगा खूप होत्या. काँक्रीटचा सांगाडा तेव्हा नवा होता, पण भूकंपाचा हिशोब त्यात कोणी धरला नव्हता. आजही धोकादायक ठरवलेल्या बिल्डिंगांवर लाल गोल चकती लावतात, मागेरू बुलेवारवरून चाललात तर दिसतीलच, आणि खाली कॅफे फुल्ल चालू असतात. आम्हीही तशा एका कॅफेत बसलो, चकती बिल मागवल्यावर दिसली.

फ्रीदा कोहेन बिल्डिंग स्तेलेआ स्पातारुल रस्त्यावर १७ नंबरला, १९३५ ची, त्याच्या मोठ्या कामांपैकी. इथे कडा गोलाकार झाल्यात, सॉली गोल्डचा टोकदारपणा गेलाय. माझी लाडकी मात्र सॉली गोल्डच.

पुढे दक्षिणेला मॅक्सिमिलियन पॉपर रस्ता, जिथे वडिलांच्या जागेवर त्याने सुरुवातीची घरं बांधली. आणि त्याच्याही पलीकडे जुनी ज्यू वस्ती होती, वाकारेश्त आणि दुदेश्त, ती मात्र शोधू नका, १९८० च्या दशकात चाउशेस्कूने बुलडोझर फिरवून बरीचशी साफ केली आणि वर उंच उंच ब्लॉक बांधले. कोराल टेंपल हे सिनेगॉग वाचलंय, ते नक्की बघा, आतलं रंगकाम डोळे दिपवणारं आहे.

यांकूचं पुढे काय, तर इस्रायलमध्ये तो चित्रकार म्हणून नावारूपाला आला, १९५३ मध्ये हैफाजवळ एन होद नावाचं कलाकारांचं गाव वसवलं, १९६७ मध्ये इस्रायल प्राइझ मिळालं, १९८४ मध्ये गेला. ते गाव मुळात पॅलेस्टिनी लोकांचं, १९४८ मध्ये तिथून घालवलेल्यांपैकी काही आजही जवळच राहतात. स्वतःची घरं मागे टाकून आलेला माणूस दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांत गाव वसवतो, हे वाचून मला काही सुचेना, नवरा आणि मी त्यावर रात्री जेवताना वाद घातला, निकाल लागला नाही.

जाणार असाल तर हे सगळं चालत एका दिवसात आरामात होतं, बूट चांगले घाला कारण फुटपाथ उखडलेले आहेत आणि उरलेल्यावर गाड्या. सकाळी निघा, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानातून गरम कोवरिगी, म्हणजे पावाची वळलेली कडी, घ्या, खसखशीच्या घ्या, आणि दुपारी सॉली गोल्डला परत एक चक्कर मारा, बाल्कन्यांच्या सावल्या बदललेल्या असतात. वेळ असेल तर ट्रेनने प्रेदेआलला जा, डोंगरात त्याने सॅनेटोरियम बांधलंय, आमचं ते राहिलं.