बुखारेस्टमधले सरकलेले चर्च

रोमेनियाच्या राजधानीत जाणारे बहुतेक प्रवासी संसदेचा प्रासाद पाहतात, म्हणून मीही पासपोर्ट हातात धरून रांगेत उभा राहिलो. जगातील सर्वांत वजनदार इमारत म्हणून तिची नोंद आहे. पण संगमरवर आणि झुंबरे पाहून अर्ध्या तासातच मला कंटाळा आला. मनात राहिले ते जवळच उंच सदनिकांच्या मागे दडलेले एक जुने चर्च.

मिहाई वोदा हे त्याचे नाव. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिहाई विटेआझुल या राजाने तिथे मठ उभारला. ४ मार्च १९७७ च्या भूकंपाने हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूला राजधानी नव्याने आखण्याचे निमित्त मिळाले, उरानुस नावाची जुनी वस्ती पाडली गेली, हजारो लोक बेघर झाले आणि १९८४ मध्ये प्रासादाचे काम सुरू झाले. मठाच्या इतर वास्तू गेल्या. चर्च आणि घंटामनोरा मात्र योर्दाकेस्कू नावाच्या अभियंत्याने वाचवला. पाया कापायचा, त्याखाली काँक्रीटची चौकट ओतायची, सगळी वास्तू जॅकने उचलून रुळांवर घ्यायची, अशी त्याची पद्धत. १९८५ मध्ये हे चर्च असे २८९ मीटर सरकले. पुढे सदनिकांची भिंत उभी राहिल्यामुळे रस्त्यावरून ते दिसत नाही, आणि सत्तेला नेमके तेच हवे असावे.

मला तिथे घेऊन जाणारी वाटाड्या बाई माझ्याच वयाची होती. परदेशी कर्ज फेडण्यासाठी देशातले धान्य आणि मांस बाहेर जात होते, तेव्हा आईबरोबर पहाटे रांगेत उभे राहिल्याचे तिला आठवत होते. २५ डिसेंबर १९८९ रोजी चाउशेस्कू पतिपत्नींना गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी आमच्या घरी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून नेवऱ्या आणि दोदोल आले होते. बातमी रेडिओवर ऐकून आजोबांनी फक्त आवाज कमी केला.

चर्चच्या दाराशी मेणबत्त्यांसाठी पत्र्याच्या दोन पेट्या होत्या, एक जिवंतांसाठी आणि एक मृतांसाठी. बाईने दोन्हींत एकेक मेणबत्ती लावली. मी गोव्यातल्या म्हार्दोळचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने आमची म्हाळसा देवी वेर्ण्याहून त्यांच्या हद्दीबाहेर म्हार्दोळला कशी आणली, हे मी तिला सांगू लागलो. मंगेशीचा देवही तसाच १५६० मध्ये कुशस्थळीहून आला. आमच्याकडे देव गेला आणि देऊळ मागे मोडले. इथे भिंतींसकट सगळेच हलले, आणि तेही पाडणाऱ्यांच्याच परवानगीने. हा फरक मला अजून नीट उलगडलेला नाही.

तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुमच्या जुन्या जागी आता काय आहे?"

वेर्ण्याच्या जुन्या म्हार्दोळात देऊळ पुन्हा उभे राहिले आहे, असे मी सांगितले. तिने सदनिकांच्या फटीतून प्रासादाच्या दिशेने बोट दाखवले. "आम्हांला परत न्यायचे म्हटले तरी जागा नाही. ज्या टेकडीवर हे चर्च होते, ती टेकडीच त्यांनी खरवडून सपाट केली."