तुम्ही विचारलंत म्हणून: पायलटचे विमान उडवल्याचे तास किती होते?

विमान पडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी हमखास हाच प्रश्न येतो. आकडा मोठा निघाला तर 'मग असं कसं झालं?', लहान निघाला तर 'तरीच!' म्हणजे उत्तर तुमच्याकडे तयारच असतं, माझ्याकडून फक्त आकडा हवा असतो.

तासांचं एकदाच सांगून टाकतो. 2009 साली अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यानंतर तिथे को-पायलटलाही साधारण 1500 तासांची अट आली. त्या विमानातल्या दोघांचेही तास 1500 च्या वरच होते. विमान स्टॉल होत होतं, म्हणजे पंखांना हवेचा आधार सुटत होता. अशा वेळी नाक खाली न्यायचं असतं, कॅप्टनने दांडा मागे ओढला, म्हणजे नाक वर.

पण मला बोलायचंय ते मंगळूरबद्दल. 22 मे 2010, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737-800. विमानात 166 जण, वाचले 8. कॅप्टनचे तास दहा हजारांच्या वर, को-पायलटचे साडेतीन हजारांच्या वर. कॉकपिटचा आवाज टिपणाऱ्या यंत्रात शेवटचे दोन तास पाच मिनिटं होती. त्यातला पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटांचा काळ कॅप्टन झोपलेले होते. पहाटे गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं काही काळ जड राहतं, आणि उठल्यावर हाताशी वेळ थोडाच होता.

मंगळूरचं रडार त्या दिवशी बंद होतं, त्यामुळे खाली उतरायची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. तरीही उतरणीचं गणित कॉकपिटमध्येच मांडायचं असतं: धावपट्टीपासून दर सागरी मैलाला साधारण 300 फूट, आणि 140 नॉटच्या (तासाला 140 सागरी मैल) वेगाला मिनिटाला 700 फुटांच्या आसपास उतरण. हे विमान धावपट्टीच्या जवळ आलं तेव्हा असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. ते जाणवल्यावर कॅप्टनने ऑटोपायलट काढला आणि नाक खाली घातलं. उतरण मिनिटाला 4000 फुटांच्या घरात गेली. शेवटच्या टप्प्यात 1000 च्या वर गेली की अप्रोच, म्हणजे उतरायचा तो प्रयत्न, सोडायचा असतो, तिथे चर्चेला जागाच नाही. यंत्र इशारे देत होतं. को-पायलटने तीनदा गो-अराउंड करायला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायला, सांगितलं.

चाकं टेकली तेव्हा 8033 फुटांच्या धावपट्टीतली 5200 फूट मागे पडली होती. तिथूनही पूर्ण ब्रेक दाबून धरले असते तर विमान थांबू शकलं असतं. कॅप्टनने रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणं) लावला आणि मग इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पुढे सारून पुन्हा उडायचा प्रयत्न केला. रिव्हर्सर एकदा उघडले की परत उडायचं नाही, हा नियम आहे. ते मिटायला वेळ लागतो, नीट मिटतील याची खात्री नसते, आणि तोवर धावपट्टी संपत असते. उजवा पंख लोकलायझर अँटेनाच्या (विमानाला धावपट्टीची रेषा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) काँक्रीटला धडकला आणि विमान दरीत गेलं.

'को-पायलटने ताबा का नाही घेतला?' हेही तुम्ही विचारता. मीही पूर्वी ठणकावून म्हणायचो, घ्यायलाच हवा होता. आता तसं म्हणवत नाही. 737 मध्ये दोघांचे दांडे एकमेकांना जोडलेले असतात आणि गो-अराउंडचं बटण थ्रॉटलवर असतं. उतरताना त्या थ्रॉटलवर हात असतो कॅप्टनचा. म्हणजे जमीन काही शे फुटांवर असताना वरिष्ठाच्या हातावर हात ठेवून ओढायचं, आणि तो सोडेल याची खात्री नाही. दोघं दोन दिशांना ओढू लागले तर? एअर मार्शल गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीनेही हेच नोंदवलं की को-पायलटने गो-अराउंड कधी हाती घ्यावा याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या. पण सूचना स्पष्ट असत्या तर हात पुढे गेला असता का? मला खात्री नाही.

यात मी कॅप्टनला सोडून देतोय असं वाटत असेल तर तसंही नाही. चौकशीने थेट कारण म्हणून बोट ठेवलं ते कॅप्टनने अप्रोच न सोडण्यावरच, आणि ते मला मान्य आहे. मात्र अनुभव कमी पडला असं म्हणू नका. उंचावरून खेचून आणलेलं विमान पूर्वी कधी नीट टेकलं असेल, तर आजही टेकेल असंच वाटतं. हेही अनुभवच शिकवतो.

'मंगळूरनंतर सुधारलं ना?' 7 ऑगस्ट 2020, कोझिकोड. तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, पाऊस, पाठीमागून वारा. कॅप्टनचे तास पुन्हा दहा हजारांच्या वर, को-पायलटचे दोन हजारांना थोडे कमी. विमान 8858 फुटांच्या धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकलं आणि 21 जण गेले, दोन्ही पायलटही. तिथल्या को-पायलटने आधी म्हटलं, 'जस्ट चेक इट.' मग नुसतं, 'कॅप्टन.' गो-अराउंड हा शब्द आला तो चाकं टेकायच्या बेतात असताना.