धुतलेला नोरेन

परवा दुपारी तोक्योतल्या आमच्या भागातील एका अरुंद गल्लीतून जात असताना, माझ्या नेहमीच्या इझाकायाच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या छोट्या गुत्त्याच्या, बाजूला बांबूवर एक निळा कपडा वाळत घातलेला दिसला आणि मी थबकलो. तो त्या दुकानाचा नोरेन होता. दारावर टांगायचा, मधोमध चिरलेला, पांढऱ्या अक्षरांचा आखूड पडदा. संध्याकाळी तो बाहेर लागला की दुकान उघडले आणि आत गेला की मिटले, एवढी जपानी भाषा कोणालाही येते. पण तो कधी धुतला जात असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. त्याच्या कडा ओशट होऊन पार काळ्या पडल्या होत्या आणि त्या काळेपणावर माझा फार भरवसा होता.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या शोगुनांच्या राजवटीत, गाड्यावरची सुशी हाताने खाणारी गिऱ्हाइके जाता जाता नोरेनलाच बोटे पुसत, त्यामुळे ज्याचा पडदा अधिक मळका त्याचे दुकान अधिक चांगले, असे जपानमध्ये सांगतात. हे ऐकल्यापासून मी दुकान निवडताना आधी पडदा पाहतो. खरे तर ऐकण्यापूर्वीच मला ते पटलेले असावे. लहानपणी आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर छापील फुलांचा एक पडदा होता. आंबे सुरू झाले की जेवून उठलेले प्रत्येक पोर मोरीकडे जाण्याआधी त्या पडद्याला बिलगून जाई आणि मे महिन्याच्या अखेरीस, पोरांचे हात पोहोचतील तेवढ्या उंचीपर्यंत, त्यावरची फुले कोणती आणि आमरस कोणता हे ओळखू येत नसे. आजी रोज ओरडत असे. पडदा मात्र पावसाच्या तोंडावरच एकदा धुतला जाई.

या दुकानात आठ माणसे बसतात आणि आठव्याला बीअरच्या उलट्या क्रेटवर उशी टाकून बसावे लागते. भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या कागदी पट्ट्या आहेत. धुराने त्यांना कोऱ्या चहाचा रंग चढला आहे आणि भाव वाढला की जुन्या आकड्यावर तेवढाच नवा कपटा चिकटवला जातो. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्या लाकडी फळी दिवसातून किती वेळा पुसत असतील याची गणती नाही. पट्ट्यांना मात्र हात लावत नाहीत. कळकट आणि घाण यांत फरक आहे, आणि तो ज्याला समजावून सांगावा लागतो त्याने या दुकानांच्या वाटेला जाऊ नये. कोपऱ्यातल्या पातेल्यात निकोमी, म्हणजे आतडी आणि मुळा यांचे मिसोमधले (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यातले) कालवण, मंद रटरटत असते. रात्री उरलेल्या रश्श्यात सकाळी नवा रस्सा पडतो, आपल्याकडे विरजण चालत राहते तसा.

या पातेल्यामागे भूक आहे. १९४५ नंतर जळून गेलेल्या तोक्योत स्टेशनांच्या बाहेर काळा बाजार उभा राहिला आणि धान्यावर नियंत्रण असल्याने लोकांनी एरवी ज्यांना कोणी विचारत नसे ती आतडी नि काळीज काड्यांना टोचून भाजायला घेतली. शिंजुकु स्टेशनाजवळच्या ओमोइदे योकोचो या खाण्यापिण्याच्या गल्लीतल्या धुराचे मूळ तेथेच आहे. १९९९ साली त्या गल्लीचा काही भाग जळाला. आज तेथे पुन्हा तसाच धूर असतो. स्टेशनाच्या पलीकडच्या ‘गोल्डन गाई’ नावाच्या वस्तीत सहा बोळांत सुमारे २०० बार दाटीने उभे आहेत, काही इतके लहान की शेवटच्या माणसाला बाहेर पडायचे तर आधी बाकीच्यांनी उठावे लागते. शेजाऱ्याचे कोपर आपल्या बरगडीत असताना परका राहणे अवघड असते. बिअरच्या चवीचे हॉप्पी नावाचे पेय शोचू या जपानी दारूत ओतत (ते १९४८ पासून विकले जाते आणि मला अजूनही आवडलेले नाही) मी तेथे अनोळखी लोकांची पोटदुखी आणि सुनांची गाऱ्हाणी ऐकली आहेत.

आता हा जुनाटपणा नवा करूनही मिळतो. योकोहामात १९९४ साली उघडलेल्या रामेनच्या (रश्श्यातल्या शेवयांच्या) संग्रहालयात १९५८ ची अख्खी गल्ली तळघरात उभी केली आहे, आणि ती छानच आहे. साखळी इझाकायांच्या भिंतींवर गंजलेले पत्र्याचे फलक मुद्दाम ठोकलेले असतात. अशा ठिकाणी मी कॅलेंडर शोधतो. खऱ्या दुकानात चालू महिन्याचे, कुठल्यातरी दारूवाल्याने फुकट दिलेले कॅलेंडर असते; बनावट दुकानात काळ थांबलेला असल्यामुळे त्याची गरज पडत नाही.

पडदा वाळताना दिसला त्याच संध्याकाळी मी मुद्दाम माझ्या दुकानात गेलो. नोरेन दारावर लागला होता. रश्श्याची चव कालचीच होती, तरी मी दोनदा मागवून खात्री केली. शेवटी राहवेना म्हणून विचारले, आज पडदा कसा काय धुतला?

"दर महिन्याला धुते," मालकीणबाई फळी पुसत म्हणाल्या. "डागच निघत नाहीत."

बाहेर पडताना कंदिलाच्या तांबड्या उजेडात नीट पाहिले. कडा होत्या तशाच काळ्या होत्या. दुपारी ओल्या निळ्या रंगात त्या मला दिसल्याच नव्हत्या. गल्लीत कोणी नव्हते. आत त्यांची पाठ होती. मी पडदा बाजूला सारला आणि सारता सारता बोट पुसले. एकच.