पिनकोडची फोड

पिनकोडशी कुणी गणित करत नाही. पाकिटावर लिहायचा, ऑनलाइन काही मागवताना चौकटीत भरायचा, संपलं. १५ ऑगस्ट १९७२ला श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही योजना सुरू झाली, ती पत्रं नेमक्या गावी पोचावीत म्हणून. पण सांगलीचा पिन आहे ४१६४१६, आणि असला आकडा समोर आला की मला हात आवरत नाही.

तीन आकडी कुठलीही संख्या दोनदा शेजारी-शेजारी लिहिली की ती मूळच्या १००१ पट होते. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. म्हणजे कागद-पेन न घेताच कळलं, या तिघांनीही आमच्या पिनला निःशेष भाग जातो. त्यात ४१६ म्हणजे पुन्हा १३ गुणिले ३२. विभाजक मोजले तर भरतात ७२! स्वतः संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज ६,९०,३६८, म्हणजे संख्येपेक्षा जवळजवळ पावणेतीन लाखांनी जास्तच. हळदीच्या पेठेला शोभेलसा पिन.

बहीण साताऱ्याला दिलीय. दाजींपुढे हे सगळं मिरवलं, तर ते म्हणाले, "आमचा बघ की. कशानंच भाग जात नाही त्याला."

४१५००१. तीन, सात, अकरा, तेरा, सगळीकडे बाकी उरते. ८३ तर नुसता चकवा देतो: ८३ पंचे ४१५, पुढे तीन शून्यं, आणि वर एक शिल्लक. दाजींच्या मते ही मूळ संख्याच, अजिंक्यताऱ्याच्या गावची. (१७०० साली औरंगजेबानं तोही घेतला होता, पण जेवणाच्या ताटावर हे बोलायचं नसतं.)

मूळ संख्या क्रमानं घेत गेलं, तर १११ जणी हात हलवत परत येतात. पण सतराव्या शतकातल्या फर्मा नावाच्या फ्रेंच वकिलाची एक युक्ती आहे. संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्यायचा आणि त्यातून ती वजा करायची. ६४५चा वर्ग ४,१६,०२५. वजाबाकी १०२४, आणि तो ३२चा वर्ग! मग ६४५ वजा ३२ आणि ६४५ अधिक ३२, म्हणजे ६१३ गुणिले ६७७. पहिल्याच फटक्यात. एरवी वरचे वर्ग एकेक करून तपासत बसावं लागतं; दोन अवयव असे शेजारी असले तरच इतक्या लवकर हाती लागतात. संगणकावरची गुपितं ज्या कुलपांत ठेवतात, त्यातली काही दोन अवाढव्य मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असतात. त्या दोघी फार जवळच्या घ्यायच्या नसतात, त्या याचसाठी.

दाजींनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार मांडून पाहिला. बरोबर आला. "बरं, आता कराडचा काढ."

४१५११०. शेवटचं शून्य बघूनच मी नाक मुरडलं. पण तिसानं भागल्यावर राहिले १३८३७, आणि ते निघाले १०१ गुणिले १३७.